थकबाकी कोणाकडे? नगर जिल्ह्यातल्या पाळकांना आणि पंचांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंच मंडळी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

गेल्या महिन्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका चर्चच्या व्हरांड्यात नोटीस बोर्डावर थकबाकीची यादी लागली होती. कोणतं चर्च ते लिहीत नाही, कारण अशी यादी सगळीकडेच लागते. पंचांची, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाची, निवडणूक आली की मतदार यादी करावी लागते, आणि ज्याची वर्गणी थकली त्याला मत नाही. यादीत २७ नावं होती. मी चष्मा लावून एकेक वाचलं. त्यातल्या १९ जणांना मी संडे स्कूलमध्ये शिकवलेलं आहे. जक्कय उंबराच्या झाडावर कसा चढला हे मी त्यांना हातवारे करून शिकवलं, नाताळच्या नाटकात त्यांना मेंढपाळ केलं, त्यांच्या डोक्याला माझ्याच घरचे टॉवेल बांधले.

आता सगळे तिशीच्या आसपास आहेत. कोणी चाकणला आहे, कोणी रांजणगावच्या कंपनीत. एक जण पुण्यात घरोघरी जेवणाचे डबे पोचवतो. दोघी नर्स आहेत, एक मुलगी तलाठी झाली. मी सेक्रेटरींना विचारलं, यांच्यापैकी कोणाला कधी फोन केला होता का? ते म्हणाले, "बाई, नोटीस लावलीय ना." म्हणजे इतक्या वर्षांत मंडळीनं त्यांना धाडलेला हा एकच निरोप, तोही त्यांच्या नजरेस कधी पडणार नाही अशा भिंतीवर.

तरुण चर्चला का येत नाहीत, यावर आपल्याकडे दर संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागा करण्याच्या मेळाव्यात, एक तरी संदेश होतोच. कारणं ठरलेली असतात. मोबाइल, पुण्याची हवा, आईबापांचं दुर्लक्ष, शेवटचा काळ. मी २६ वर्षं संडे स्कूल चालवलं, हजेरीपट अजून माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांच्या आधारावर मी वेगळं सांगणार आहे. बाकीच्या गावांचं मला ठाऊक नाही असं कोणी म्हणालं तर कबूल, मी माझ्या वर्गापुरतंच बोलते. पण आपण सगळे एकाच मिशनच्या पोटची लेकरं आहोत. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरात आलं आणि तिथून खेडोपाडी पसरलं. घरं वेगळी असली तरी चूल एकच आहे.

मोठ्या झालेल्या मुलांनी बिशपांसमोर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी म्हणजे दृढीकरण. २००९ सालच्या दृढीकरणाच्या वर्गात १४ मुलं होती. एका रविवारी एक मुलगा उभा राहिला. हुशार पोर, पुढच्या बाकावरचा. म्हणाला, "बाई, शाळेच्या दाखल्यावर माझं हिंदू लिहिलंय. पप्पा म्हणतात तसंच राहू दे, पुढं कामाला येईल. आणि बिशपसाहेब विचारणार, ख्रिस्ताला सगळ्यांसमोर कबूल करतोस का. मग मी खोटं कुठं बोलू? कचेरीत का वेदीपुढं?"

वर्ग चिडीचूप झाला. कारण बहुतेकांच्या दाखल्यावर तेच होतं, आणि ते मला माहीत होतं. माझ्या सख्ख्या भावाच्या दाखल्यावर काय आहे हेही माहीत होतं. मी म्हणाले, "आधी विश्वासांगीकार पाठ झालाय का ते सांग."

त्यानं तो, म्हणजे आपल्या श्रद्धेचा ठरलेला कबुलीपाठ, एकही शब्द न चुकता म्हणून दाखवला आणि खाली बसला.

त्या दिवसापासून थकबाकी माझ्याकडे आहे. आपल्याकडेही आहे, म्हणून हे पत्र.

हा दाखला काय आहे ते आपल्याला सांगायची गरज नाही, पण हे पत्र बाहेरचेही वाचतील. नगर जिल्ह्यातली आपली मंडळी बहुतांशी महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आली. बाप्तिस्मा झाला तरी गावानं आपल्या आजोबांना पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. जात पाण्यात बुडाली नाही, सरकारी कागदावरून तेवढी पुसली गेली. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं की हिंदूंखेरीज इतर धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांना घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. त्याविरुद्ध २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये सांगितलं की धर्माची अट काढा. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी बालकृष्णन आयोग नेमला, त्याला मुदतवाढ मिळाली. इकडे पोरांच्या फॉर्मची शेवटची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

मग सवलत जाऊ नये म्हणून घराघरात एक रीत पडली. कागदावर एक, रविवारी दुसरं. त्यावर कोणी बोलायचं नाही. चर्चमध्ये शेजारीशेजारी बसलेल्या दोन बापांना एकमेकांच्या मुलांचे दाखले माहीत असतात, आणि दोघंही छताकडं बघत गीत म्हणतात.

दाखल्याची मी बाजू घेतेय असा अर्थ काढू नका. कायदा काय म्हणतो ते उघड आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप्तिस्मा झालेला आहे, ती नियमित चर्चला जाते, तेव्हा नोकरीसाठी ती हिंदू अनुसूचित जातीची म्हणून दावा करू शकत नाही. हा निकाल आपल्या मुलांनी त्याच मोबाइलवर वाचला, ज्याच्या नावानं आपण खडे फोडतो. आता सांगा, चर्चला नियमित जाणं हाच पुरावा होत असेल, तर जात पडताळणीच्या रांगेत उभी असलेली मुलगी रविवारी पुढच्या बाकावर येऊन बसेल का? तिचा विश्वास गेला असं आपण म्हणतो. मला तर वाटतं, ती घरी दार लावून प्रार्थना करत असेल. विचारायला कोणी गेलेलं नाही, त्यामुळे माझंही वाटण्यावरच आहे.

उलट आपण काय केलं? एका संजीवन सभेत बाहेरून आलेल्या वक्त्यानं माईकवरून सांगितलं की सवलतीसाठी नाव बदलणारे हे तीस नाण्यांचे यहूदा आहेत. मंडपात बायकांच्या बाजूला त्या तलाठी मुलीची आई बसली होती. तिनं पदर डोक्यावर ओढला. पंचांच्या खुर्च्या पुढं होत्या, आणि त्यांतल्या किती घरांत तोच दाखला आहे हे पाळकांना ठाऊक होतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं असेल, आठवत नाही. त्या दिवसानंतर ती मुलगी आलेली नाही. तिची आई येते, शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादाच्या आधी उठून जाते.

तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणारा यहूदाच आठवायला हवा होता का? येशूला नाकारणारा तर त्याचा शिष्य पेत्रही होता, तोही तीन वेळा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात तो महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा आहे आणि 'मी त्याच्यातला नाही' म्हणतोय. एकविसाव्या अध्यायात पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, या वेळी समुद्राकाठी, त्यावर मासळी भाजलेली. प्रभूनं आधी सगळ्यांना जेवायला घातलं आणि मग पेत्राला विचारलं ते एवढंच, माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्री असं का म्हणालास, हे विचारलं नाही. हा भाग मी निदान वीस वेळा शिकवला असेल. पण दाखल्यावर हिंदू लिहिलेला मुलगा आणि अंगणातला पेत्र एकाच जागी उभे आहेत, हे माझ्या ध्यानात यायला त्या मुलानं चर्च सोडावं लागलं.

दुसरं कारण थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलून जीभ झिजली. मिशन कंपाउंड. जमिनीचे वाद, दोन गट, दोन्हीकडून धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद), एका रविवारी उपासना संपायच्या आत वेदीपाशी धक्काबुक्की, आणि पुढच्या रविवारी फाटकावर पोलीस. माझ्या वर्गातली लहान मुलं त्या दिवशी 'हवालदार काका आज भक्तीला आलेत' म्हणून खूश झाली. मोठी मुलं खूश झाली नाहीत. ती हिशेब विचारू लागली. एका इंजिनिअर झालेल्या पोरानं जनरल बॉडीत उभं राहून विचारलं की दुकानगाळ्यांचं भाडं कुठल्या खात्यात जातं. त्याला सांगितलं, "तू आधी वर्गणी भर, मग बोल." त्यानं खिशातून पैसे काढून तिथंच टेबलावर ठेवले. तरी उत्तर मिळालं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर तो चर्चमध्ये दिसला तो थेट आजीच्या मातीला.

गिटारीबद्दल बोलू का? तरुण येत नाहीत म्हणून आपण गिटार आणली, ड्रम आणला, पडद्यावर गाणी लावली. मुलं आली. गिटार वाजवणारा पुण्याला नोकरीला गेला, मुलंही पांगली. माझं वाद्यांशी वैर नाही. ढोलकी-टाळावर भजन धरलं तर हीच पोरं रात्री दोनपर्यंत हलत नाहीत, आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) कॅथलिक यात्रेला तर आपली प्रॉटेस्टंट पोरंही मोटरसायकलवर तिघंतिघं बसून जातात. (त्यावरूनही एकाला पंचांसमोर उभं केलं होतं. जाऊ दे.) गाण्याची गोडी त्यांना आहेच. नवीन फेलोशिपांमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रार्थना-मंडळ्यांमध्ये, जी गेली त्यांना मी विचारलं, तिथं काय आहे? एक म्हणाली, "बाई, मी दोन रविवार गेले नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी रूमवर येतं." तिथली शिकवण मला पटत नाही. पण कोणीतरी रूमवर येतं.

आता जरा आपल्याच पूर्वजांकडे वळते. मुलांना आपण केडगावला मुक्ती मिशन दाखवायला नेतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, अनाथ बायकांना आसरा दिला, हे सांगतो. पण तरुण रमाबाई कशा होत्या हे सांगत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या, आणि बाप्तिस्म्यानंतरच त्यांचे प्रश्न खरे सुरू झाले. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांनी मुकाट्यानं मानली नाही. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाईंनी पत्रातून कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. सिस्टरना हा गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या कॉलेजातल्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना लांबलचक, शांतपणे पत्रोत्तरं दिली. गप्प बस म्हटलं नाही. आज एखादी पंचवीस वर्षांची मुलगी आपल्या तरुण संघात उभी राहून रमाबाईंचेच प्रश्न विचारू लागली, तर आपण सिस्टर जेराल्डिन होणार की मिस बील? मी कोण झाले होते ते वर लिहिलंच आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तसंच. त्यांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याची किंमत घरादारानं मोजली. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. वर्गणी थकली म्हणून आज त्यांचंही नाव बोर्डावर लागलं असतं.

या लोकांनी आईबापांचा धर्म सोडला तो प्रश्न पडले म्हणून. त्यांच्यातल्या अनेकांना घरच्यांनी तोडलं, जेवायच्या पंगतीतून उठवलं, मेलास असं समजतो म्हणून सांगितलं. त्या गोष्टी आपण साक्ष म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. आणि आपल्या पोरांना प्रश्न पडले की आपणही त्या पूर्वजांच्या घरच्यांसारखंच वागतो.

माझ्या भाचीनं तीन वर्षांपूर्वी बौद्ध मुलाशी लग्न केलं. दोघांची इच्छा होती की पाळकांनी लग्न लावावं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न लावता येतं. पाळकांनी नकार दिला. तो त्यांचा विवेक, मी त्याबद्दल भांडत नाही. पण नकार देताना मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. तो माझ्याशेजारी हात जोडून बसला होता. शेवटी महिनाभराची नोटीस लावून रजिस्ट्रारकडे लग्न झालं. आता त्यांना मुलगी आहे. झोपताना ती 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणते. पहिल्या दोन ओळीच, पुढचं तिला येत नाही आणि शिकवायला मंडळीतलं कोणी त्या घरी गेलेलं नाही.

एक पाळक मी असे पाहिले की उपासना झाल्यावर चिंचेखाली खुर्ची टाकून बसायचे. माईक नाही, पुस्तक नाही. ज्याला जे विचारायचं ते विचारा. पहिले दोन महिने फक्त म्हातारे आले, गुडघ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून. मग एक कॉलेजचा मुलगा आला. त्यानं विचारलं, डायनासोर नोहाच्या तारवात होते का? हसण्यावारी नेलं नाही. मग दुसरा आला, त्यानं आपल्या दारू पिणाऱ्या बापाबद्दल विचारलं. पाळक पुष्कळदा म्हणायचे, "हे मला माहीत नाही. मीही विचारात आहे." मला आधी ते कमीपणाचं वाटलं होतं. पाळकानं असं म्हणावं? पण त्या वर्षीच्या हजेरीपटात मोठ्या मुलांच्या रांगेत हजेरीच्या खुणा दाट आहेत. तीन वर्षांनी त्यांची बदली झाली. खुर्ची आत गेली.

तेव्हा मागणं काय आहे, तर फार मोठं नाही. १० ऑगस्ट हा दिवस देशभरातले दलित ख्रिस्ती काळा दिवस म्हणून पाळतात. आपल्या किती मंडळ्यांत तो पाळला जातो? त्या दिवशी वेदीवरून एकदा स्पष्ट सांगा की दाखल्याची ही अडचण आपल्या सगळ्यांची आहे, ती पोरांच्या एकट्याच्या माथी मारू नका. एखादा वकील बोलवा, कायदा नीट समजावून द्या, कोणाला काय धोका आहे ते मुलांना कळू द्या. खोटं बोला असं सांगू नका, पण तुमची अडचण आम्हाला माहीत आहे एवढं तरी सांगा. संजीवन सभेला येणाऱ्या वक्त्यांना आधी बजावा की यहूदाला या कामी आणायचं नाही.

हिशेब वाचा. तिमाहीला, मोठ्यानं, भाड्यासकट.

कंपनीत शिफ्ट असणाऱ्याला रविवारी सकाळी सुट्टी नसते. शनिवारी रात्री अर्ध्या तासाची प्रार्थना एखाद्याच्या खोलीवर ठेवली तर आकाश कोसळणार नाही. गाव सोडून जाणाऱ्याच्या हातात मंडळीचं पत्र द्या आणि तिकडच्या पाळकांना स्वतः फोन करा. पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये आपली पोरं मागच्या मागे बसून परत येतात, हे त्यांनीच सांगितलंय.

काही जण येणारच नाहीत. काहींचा विश्वास खरोखर उरलेला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी मला सरळ म्हणाली, "बाई, मला आता देव आहे असं वाटत नाही, पण तुम्ही आठवता." तिला परत आणायचा मी प्रयत्न करत नाही. ती नगरला आली की माझ्याकडे चहाला येते, आणि आम्ही तिच्या बॉसबद्दल बोलतो.

तो २००९ सालचा मुलगा रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर आहे. गेल्या नाताळात कॅरलवाली पोरं निघाली तेव्हा तो मोटरसायकलवर आला, कंदील हातात घेतला, गल्लीगल्लीत गायला. सगळी गाणी पाठ. शेवटी सगळे प्रार्थनेसाठी चर्चमध्ये गेले, तो फाटकापाशी थांबला. मी विचारलं, आत येत नाहीस? तर हसला. म्हणाला, "बाई, त्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय अजून."

येत्या १० ऑगस्टला संध्याकाळी मी त्याला जेवायला बोलावलंय. उत्तर माझ्याकडे नाही, हे त्याला फोनवरच सांगून टाकलं. तलाठी मुलीला आणि तिच्या आईलाही निरोप दिलाय, भाचीही मुलीला घेऊन येईल. भाकरी आणि मासळी करणार आहे. पाळकसाहेब, पंच मंडळी, आपल्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. आपापल्या घरातल्या दाखल्यांबद्दल खरं बोलायची तयारी असेल तर फारच चांगलं. फक्त थकबाकीची यादी बरोबर आणू नये.

आपली,
संडे स्कूलची जुनी बाई